धुराड्याची उलटी वाट

बायकोनं कधी आपली स्तुती केल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं. त्यामुळे त्या सकाळी तिनं कपाटावरून बोट फिरवलं, ते डोळ्यांजवळ नेलं आणि "चक्क स्वच्छ आहे हो!" असं म्हटलं, तेव्हा मास्तरांना बसायला खुर्ची शोधावी लागली.

मास्तर म्हणजे निवृत्त भूगोलशिक्षक. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत त्यांनी सुतारकाम मांडलं होतं. त्यांच्या हातचं एकही स्टूल चारही पाय टेकून उभं राहत नसे, पण भुसा मात्र घरभर अगदी समान वाटला जाई. चहात, उशीवर, मास्तरीणबाईंच्या चष्म्यावर. शेवटी बाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "भुशाचा एक कण जरी यापुढे घरात दिसला, तर त्या खोलीला कुलूप. आणि किल्ली माझ्याकडे."

खोली गेली तर दिवसभर करायचं काय, या धास्तीनं मास्तरांनी धूळ ओढणारं यंत्र आणलं. पिंपावर बसवलेली दणकट मोटर, तिला मांडीएवढा जाड पाइप आणि त्याचे फाटे करवतीपर्यंत, रंध्यापर्यंत नेलेले. यंत्राबरोबर एक कापडी पिशवी होती. भुसा पिंपात पडायचा आणि हवा पिशवीतून गाळून परत खोलीत यायची. पण पिशवीतून बारीक पीठ उडतं असं मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी पिशवी काढली, भिंतीला भोक पाडलं आणि हवा थेट अंगणात सोडली. शेजारचे कंडक्टर आवाजावरून कुरकुरले, म्हणून खिडकीच्या फटींना रबराची पट्टी मारली. मग बटण दाबलं.

खोलीचं दार आपोआप धाडकन मिटलं.

"बघितलंस? याला म्हणतात ओढ!" मास्तर ओरडले.

त्या दिवसापासून भुसा घरात यायचं नावच घेईना. उलट दाराखालच्या फटीतून घरातली हवाच खोलीत शिरायची. संसारात सुख आलं, कपाटावरची ती शाबासकीही याच दिवसांत मिळाली. थंडी पडली, घराच्या बाकी खिडक्याही बंद झाल्या, आणि बाईंचं डोकं दुखायला लागलं.

"अंघोळ करताना गरगरतं हो हल्ली."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"अंघोळीला चष्मा लावून बसते का मी?"

मास्तर करवतीकडे वळले.

एका सकाळी स्टुलाचा पाय कापून झाल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं, आणि न्हाणीघरात काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला.

"काय पडलं गं?"

उत्तर नाही. उत्तर न देणं हा बाईंचा जुना रिवाज होता, त्यामुळे मास्तर क्षणभर थांबले. पण आतून नुसतं पाणी पडत होतं. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग दाराला खांदा लावला. कडी त्यांनी स्वतःच बसवलेली होती, त्यामुळे एका धक्क्यात निघाली.

बाई फरशीवर आडव्या. डोक्यावर गॅसचा गीझर शांतपणे जळत होता.

मास्तरांनी चादर गुंडाळली आणि त्यांना ओढत अंगणात आणलं. "अहो कंडक्टर!" त्यांनी आवाजावरून कुरकुरणाऱ्या त्या शेजाऱ्यालाच हाक दिली. कंडक्टरांनी अँब्युलन्स बोलावली. गाडीत चढवताना बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "नळ चालूच राहिलाय."

"गीझरचा धूर अंगात गेलाय," डॉक्टर म्हणाले. "वेळेत आणलंत. वाचल्या."

पण धूर आत आलाच कसा? गीझरच्या डोक्यावर छपराबाहेर जाणारा धुराड्याचा पाइप होता, अगदी धड होता. बाईंना झोप लागल्यावर मास्तर घरी आले. न्हाणीघराची खिडकी त्यांनी हातभर उघडली, गीझर लावला आणि पाइपाच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली. पट्टी वर, पाइपाकडे ओढली गेली. जशी जायला हवी तशीच.

मग मागच्या खोलीतलं यंत्र सुरू केलं, न्हाणीघराची खिडकी लावून घेतली आणि श्वास रोखून पट्टी पुन्हा धरली.

पट्टी वळली आणि त्यांच्याच तोंडावर आली.

यंत्र घरातली हवा बाहेर फेकत होतं. नवी हवा आत यायला खिडक्या बंद. मग घरानं ती उरलेल्या एकमेव भोकातून, धुराड्यातून, धुरासकट ओढून घेतली होती. रोज. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते, हे वाक्य मास्तरांनी पोरांच्या पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं. ज्याला येत नसे त्याला बाकावर उभं करत. गीझर आणि यंत्र बंद करून, घर सताड उघडून मास्तर कुणी न सांगताच न्हाणीतल्या पाटावर चढून उभे राहिले. किती वेळ, कोण जाणे.

संध्याकाळी त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही.

नाकावरचा प्राणवायूचा मुखवटा बाईंनी जरासा बाजूला केला. "म्हणजे तुम्ही रोज मला मारत होतात?"

"हो."

"आणि मी वर शाबासकी देत होते?"

"हो."

  मास्तरांनी खिशातून कुलूप घातलेल्या खोलीची किल्ली काढली आणि बाईंच्या उशाशी ठेवली. तेवढ्यात नर्स आली आणि दोघांचे पांढरेफटक चेहरे बघून दारातच थबकली.

"काय झालं, आजी? बरं वाटत नाही का?"

"मी ठीक आहे," बाई म्हणाल्या. "ह्यांना आधी मोकळ्या हवेत न्या."