काठीचं माप

"स्क्रू किती लांबीचा असतो?" म्हाताऱ्या सुताराने विचारलं, तसा मुलगा चिडला.

"बाबा, हे दार नाही. आई आहे."

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुब्याचा एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला. मांडीच्या हाडाची मान मोडून सरकली होती. स्क्रूने जोडायची, की वरचा गोळाच काढून धातूचा बसवायचा, हे ठरत नव्हतं. आज चौथा दिवस.

"स्क्रूचं ऑपरेशन लहान ना? मग तेच करा," मुलगा म्हणाला. "तिचं हृदय आधीच नाजूक."

सुताराला वेगळंच टोचत होतं. न्हाणीघराचा उंबरठा एका बाजूने वर आला होता; त्यालाच अडखळून बायको पडली होती. ती वर्षभर सांगत होती, हा 'उद्या बघतो' म्हणत होता. गावभरची दारं नीट केली, घरचं तेवढं राहिलं. आता कोणत्या तोंडाने बोलायचं? आणि न बोलून तरी कसं चालायचं?

"जुनं लाकूड स्क्रू धरत नाही," तो अखेर पुटपुटला. "भोक मोठं होतं, मग हलायला लागतं."

"या वयात हाडाचंही तसं होतं, काका. मग पुन्हा ऑपरेशन. गोळा बसवला तर दुसऱ्या दिवशी उभं करू, पण ते ऑपरेशन मोठं. आणि नुसतं पडून राहण्यात सगळ्यात जास्त धोका."

इकडे आड, तिकडे विहीर.

"झालं का तुमचं?" खाटेवरून बारीक आवाज आला. चार दिवस तिला कूसही बदलता आली नव्हती. "हाड माझं आणि पंचायत तुमची! पंख्याची पाती मोजून झाली माझी. तीनच आहेत."

"आई, दमू नकोस गं."

"दमायला केलंय काय मी? गोळा बसवा, बाई. वाचले तर चालेन, नाही तर देव आहेच."

तिने आडव्यानेच सही केली. अक्षरं ओळ सोडून खाली उतरली. कागद घेऊन मुलगा डॉक्टरीणबाईंच्या मागे गेला.

"अहो, काठी करून ठेवा. माझ्या मापाची."

सुताराने सवयीने खिशातून टेप काढला. जन्मभर लोकांच्या चौकटी मापल्या, हिचं माप कधी घेतलं नव्हतं. मनगटापासून टाचेपर्यंत टेप धरला आणि तो थांबला. मोडका पाय बोटभर आखूड झाला होता.

"तो उंबरठा..." तो म्हणू लागला.

"ते नंतर. आधी माप घ्या."

"कोणत्या पायाचं?"

"चांगल्या."

सहीचं पेन अजून तिच्याच हातात होतं. तिने ते पुढे केलं. त्याने आकडा तळहातावर लिहिला आणि मूठ मिटून घेतली.