ऑरेलियाचा शेवटचा फोटो

ऑरेलिया मोंताल्बानवरचा माझा लेख ऑकलंडच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात घ्यायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात वाचनालयातल्या एका बाईने मला सांगितलं, की लेखातला मुख्य फोटो ऑरेलियाचा नाहीच.

"ती मी आहे," ती म्हणाली.

ऑकलंडला येण्याआधी मी जन्मभर पुण्यातल्या एका छापखान्यात दुसऱ्यांची प्रुफं तपासली. स्वतःचं काही छापून येण्याची ही पहिलीच वेळ, तीही शहात्तराव्या वर्षी. ऑरेलिया ही मेक्सिकोची जुनी नटी. फिल्म क्लबात तिचा एक सिनेमा पाहिला आणि पुढची पन्नास वर्षं तिच्याबद्दल मिळेल ते जमवत राहिलो, शब्दकोश घेऊन स्पॅनिश शिकलो. आधी गाण्यांच्या सिनेमांतली हसरी मुलगी, मग तोऱ्यातल्या जमीनदारणी, मग नायकाच्या आया. १९५७चा तिचा शेवटचा सिनेमा मात्र मी पाहिलेला नाही. त्याची प्रतच उरलेली नाही. उरलाय तो रद्दीत सापडलेल्या मासिकातला एक फोटो: काळी शाल डोक्यावरून घेतलेली जमीनदाराची विधवा, अर्धा चेहरा अंधारात. त्या फोटोच्या भरवशावर मी चार पानं लिहिली होती, आणि सगळा लेख त्या चार पानांकडे चालत जात होता. चाळिशीची नटी त्यात विशीची दिसते. त्यावर मी लिहिलं होतं, 'दुःखाने तिचं वय पुसून टाकलं आहे.' या वाक्याचा मला अभिमान होता.

बाईचं नाव तेओदोरा, मूळची मेक्सिकोची. वय पंच्याऐंशी. माउंट रॉस्किलला लेकीकडे राहते आणि दर बुधवारी वाचनालयात विणकामाच्या टेबलावर माझ्या बायकोशेजारी बसते. मी सुरेखाला न्यायला गेलो होतो.

"दिवे लावायला दोन-दोन तास लागायचे," तेओदोरा सांगू लागली. आमचं बोलणं इंग्रजीत, दोघांचंही बेताचं. "तेवढा वेळ सेन्योरा कशाला उभी राहील? माझी उंची तिच्याएवढी, रंग तिच्यासारखा. म्हणून तिच्या जागी मी उभी राहायची. दिवे जमले की मी बाहेर, ती आत."

"मग मासिकाने तिचं नाव कसं छापलं?"

"माझं नाव कुणाला ठाऊक होतं?"

उत्तर मला फारच तयार वाटलं. आपणही कधी कुणीतरी होतो, असं सांगायची म्हाताऱ्या माणसांना हौस असते. मला ती चांगली ओळखता येते.

बसमध्ये मी सुरेखाला विचारलं, "तिला फोटो कुणी दाखवला?"

"मीच. मागच्या बुधवारी. तुमच्या प्रुफाचा मोबाइलवर काढला होता. बिचारी रडली हो."

"म्हणजे गोष्ट रचायला आठवडा मिळाला."

"अहो, तिला काय मिळणारे त्यातून? तुमच्या लेखाचं मानधन?"

"मानधन नाहीये."

"तेच म्हणतेय मी!"

तरी मला चैन पडेना. मग एक गोष्ट लक्षात आली. प्रुफातला फोटो गुडघ्यांपाशी कापलेला होता. पूर्ण फोटो फक्त मासिकात, आणि मासिक माझ्या कपाटात. पुढच्या बुधवारी मी वेळेआधीच गेलो आणि घसा खाकरून विचारलं, "तेव्हा तुमच्या पायांत काय होतं?"

तिने सुया खाली ठेवल्या.

"शाल स्टुडिओची, झगा स्टुडिओचा. बूट देत नसत. दिवे तोंडासाठी लावायचे, पायांना कोण बघतंय? माझेच कापडी बूट होते. डाव्याची नाडी तुटली होती, म्हणून सुतळी बांधलेली." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "परीक्षा घेताय माझी?"

मी ओशाळलो, पण हो म्हणालो.

"मग उत्तर बरोबर आलं का ते घरी जाऊन बघा. आणि मला येऊन सांगा."

घरी मासिक काढलं, भिंग लावलं. झग्याखाली कापडी बूट होते. डाव्यावर सुतळीची गाठ, एक टोक लोंबणारं.

भिंग तसंच वर सरकवलं. मग गुडघ्यांवरून गेलेली पेन्सिलची रेघ दिसली. समासात 'खालचा भाग अनावश्यक'. अक्षर माझंच. फोटो अंकासाठी देताना कुठे कापायचा ते मीच आखून दिलं होतं. तेव्हा बूट दिसले होते का? खरंच आठवत नाही. पण निसटलेला अनुस्वार ज्याला हातभरावरून दिसतो, त्याला जमीनदाराच्या विधवेच्या पायांतले सुतळीने बांधलेले बूट दिसले नसतील, यावर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मी अंकाच्या संपादकाला, धैर्यशीलला, फोन केला.

"काका, परवा अंक प्रेसला जातोय! आणि इथे मेक्सिकोहून कोण चेक करायला येणारे? फोटो भारी आहे. स्वीट ॲज, एकदम झकास, राहू द्या."

"फोटो राहू दे. पूर्ण टाक, पायांसकट. ती चार पानं काढ."

"ती काढली तर मागे नुसती सिनेमांची यादीच उरते, काका. यादी कोण वाचणार?"

"कुणी नाही."

"मग लेख पुढच्या वर्षी बघू का? या वर्षी फोटोचं एक पान देतो."

शहात्तर आणि एक, एवढाच हिशेब मनात झाला. मी बरं म्हणालो.

बुधवारी त्या पानाचं प्रूफ घेऊन मी वाचनालयात गेलो. तेओदोराने आधी बूट पाहिले आणि हसली. मग फोटोखालच्या देवनागरी ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"तुमचं नाव. तेओदोरा सालगादो रुईस. दिवे लावताना उभी असलेली."

"बरोबर लिहिलंय कशावरून?"

"मी तपासलंय."

चष्म्यावरून तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग कागद माझ्यापासून दूर, सुरेखापुढे सरकवला.

"तू वाच," ती सुरेखाला म्हणाली. "मोठ्याने. आणि त्याच्याकडे बघू नकोस."

सुरेखाने वाचलं. तेओदोरा कान देऊन ऐकत होती. शेवटचं अक्षर संपेपर्यंत तिने मान हलवली नाही.