पाचवा बाण

चिंचवडचा ज्योतीराम सुतार गावची नांगर-पाभर करायचा, पण जीव गुंतलेला असायचा तो धनुष्यात. तरुणपणी आंबेगावाकडच्या एका ठाकराजवळ वर्षभर राहून तो ही कला शिकला होता. धामणीचं लाकूड सावलीत वाळवायचं, वाकसानं हळूहळू तासायचं, मग काचेच्या तुकड्यानं खरवडत धनुष्याचे दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत बारीक करायचे. असं एक धनुष्य पुरं व्हायला त्याला दोन महिने लागत.

१९५४ च्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका व्यायाममंडळानं त्याला बोलावणं पाठवलं. त्यांना तिरंदाजीच्या वर्गासाठी धनुष्यं हवी होती. मात्र कोणतं धनुष्य किती वेगानं बाण सोडतं हे लिहून आणा, अशी अट होती. ज्योतीराम तो कागद घेऊन उद्धवरावांकडे आला. उद्धवराव शाळेत गणित शिकवायचे. गाव त्यांना मास्तर म्हणायचं.

"मास्तर, बाणाचा येग मोजायचा तरी कसा? डोळ्याला दिसंस्तवर तो लागलेला असतोय."

मास्तरांचे डोळे लकाकले. बारा वर्षं तेच ते त्रैराशिक शिकवून ते कंटाळले होते. "मोजता येतो," ते म्हणाले. "रविवारी नदीकाठी ये."

रविवारी सकाळी पवनेच्या काठच्या जांभळीला त्यांनी आठ फूट दोरानं एक लहान पोतं टांगलं. त्यात वाण्याच्या तराजूवर तोललेली दहा शेर वाळू होती. पोत्यामागं फळी, फळीवर एक हलकी काडी. बाण वाळूत घुसला की पोतं मागं झुलणार, काडीला ढकलणार, आणि काडी जिथं थांबेल तिथवरचे इंच मोजायचे. बाणाचं वजन अडीच तोळे. बाकी सगळं आकडेमोडीनं काढता येत होतं.

ज्योतीरामची बायको मंजुळाबाई भाकरी घेऊन आली होती. ती लांब खडकावर बसून गंमत बघत होती.

"उद्या ह्यांना पिंपरीला जायचंय," ती मास्तरांना म्हणाली. "नव्या कारखान्यात. सुतारखात्यात घेतलंय. उद्या डाक्टरची तपासणी झाली की कायम."

"अरे वा! बोलला नाही हा."

"तपासणी होऊ द्या की आदी," ज्योतीराम लाजून हसला.

बांबूच्या धनुष्यानं पोतं दोन इंच हललं. धामणीच्या पहिल्या धनुष्यानं अडीच. प्रत्येकाचे पाच बाण, पाचांची सरासरी, असं मास्तरांनी ठरवलं होतं. मग ज्योतीरामनं तिसरं धनुष्य उचललं. त्याच धामणीचं, पण लांब आणि पातळ. पहिला बाण सुटला तसं पोतं पावणेतीन इंच गेलं. दुसऱ्यालाही तेवढंच. तिसऱ्यालाही.

मास्तरांनी गुडघ्यावर वही ठेवून गुणाकार केला. "सेकंदाला एकशे सत्तेचाळीस फूट, ज्योतीराम! डोंगरातल्या ठाकरालाही जमलं नसतं."

ज्योतीरामनं धनुष्याच्या पाठीवरून हात फिरवला.

चौथा बाण सुटताना बारीक कर्र असा आवाज आला. पोतं अडीच इंचच हललं.

"ऐकलंत?" ज्योतीराम म्हणाला. "लाकूड बोललं."

मास्तरांनी आवाज ऐकला होता. पण त्यांची नजर वहीवर होती. तीन आकडे सारखे आणि चौथा असा वेगळा. काडी नीट ठेवली नसेल, असं त्यांना वाटलं.

"मोजताना चूक झाली असेल. आणखी एकच. पाच झाले की सरासरी काढता येईल."

ज्योतीरामनं धनुष्य उन्हात धरून न्याहाळलं. त्याला चीर दिसली नाही. "बरं, मास्तर," तो म्हणाला, आणि त्यानं दोरी कानापर्यंत ओढली.

बंदुकीसारखा आवाज झाला. वरचा बाहू मधोमध तुटला आणि दोरीच्या ओढीनं उलटा फिरून त्याच्या तोंडावर आदळला. ज्योतीराम गुडघ्यांवर बसला. उजव्या डोळ्यावर दाबलेल्या बोटांतून रक्त येत होतं. मंजुळाबाई धावत आली, तिनं पदर फाडला.

मास्तर मुंबई रस्त्याकडे पळाले. विटांचा एक ट्रक थांबला. पुण्याच्या दवाखान्यात पोचायला दुपार झाली. डॉक्टरांनी संध्याकाळी बाहेर येऊन सांगितलं, की डोळा ठेवता आला नाही.

व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या बसल्या मास्तरांना उमगलं. चौथा आकडा चुकीचा नव्हताच. धनुष्य आतून तुटायला लागलं होतं म्हणून बाण मंदावला होता. मापानं खरं सांगितलं होतं आणि त्यांनीच ते खोटं ठरवलं होतं.

पंधरा दिवसांनी ते कारखान्याच्या कचेरीत गेले. कारकुनानं त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला.

"मास्तर, माणूस हुशार आहे, मला ठाऊक आहे. पण चालू करवतीपाशी एका डोळ्याचा माणूस उभा करता येत नाही. त्याचा हातच जाईल."

"दुसरं काही काम?"

"हमालीही भरली." त्यानं खरंच वाईट वाटून मान हलवली. भांडावं असं त्याच्या बोलण्यात काही नव्हतं.

ज्योतीरामनं पुन्हा वाकस हातात घेतला, पण एका डोळ्याला अंतर कळेना. घाव दोन बोटं अलीकडे पडायचा, नाहीतर पलीकडे. खिळ्यावरचा हातोडा अंगठ्यावर यायचा. पुण्याच्या मंडळानं दुसरीकडून धनुष्यं घेतली. मास्तर रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसत.

"मीच म्हणालो होतो रे, आणखी एक म्हणून."

"ओढलं कुनी? म्या ओढलं," ज्योतीराम म्हणायचा. "लाकूड बोललेलं मलाबी कळलं व्हतं. मनाला लावून घेऊ नका, मास्तर." आणि हसायचा.

एका संध्याकाळी मंजुळाबाईनं त्यांना अंगणाबाहेर गाठलं. पदर डोक्यावर ओढून ती खाली बघत बोलली.

"मास्तर, राग मानू नका. तुमी येत जाऊ नका."

"का गं बाई?"

"तुमी आला की ह्यांना हसावं लागतंय. तुमची समजूत घालाया लागतीया. तुमी गेल्यावर भिंतीकडं तोंड करून बसत्यात, जेवत बी न्हाईत."

"बरं," मास्तर म्हणाले.

त्यानंतर ते गेले नाहीत. शाळेची वाट ज्योतीरामच्या घरावरूनच होती, दुसरी वाट नव्हती. आतून वाकसाचे घाव ऐकू यायचे. दोन नीट पडायचे, तिसरा चुकायचा, मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत मास्तर रस्त्यावर थांबायचे. पुढचा घाव ऐकू आला की निघायचे. कधी कधी शाळेची घंटा व्हायची तरी तो घाव ऐकू यायचा नाही.