हँडिकॅपचा दाखला

खत कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी निपाणीच्या शांतिनाथअण्णा मगदुमांनी दोन गिऱ्हाइकांना युरियाच्या जागी पोटॅश दिलं आणि तिसऱ्याला चक्क चहा पाजला. अण्णांच्या दुकानात चहा प्यालो असं निपाणीत कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण त्या दिवशी अण्णांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. विक्रीचं टार्गेट पुरं केलेल्या डीलरांना कंपनीनं खानापूरच्या पुढं, गुंजीकडच्या जंगलाला लागून झालेल्या एका बड्या रिसॉर्टवर दोन दिवस जोडीनं बोलावलं होतं. राहणं, खाणं, तिथल्या गोल्फच्या दोन्ही मैदानांवर खेळणं, सगळं फुकट. त्याचं अण्णांना अप्रूप नव्हतं, कंपनीनं त्यांना मागं बँकॉकही दाखवलं होतं. त्यांना वेड लावलं ते पत्राच्या शेवटच्या इंग्रजी ओळीनं. खेळू इच्छिणाऱ्यांनी हँडिकॅप सर्टिफिकेट बरोबर आणावं, असं तिथं लिहिलं होतं.

अण्णांनी ती ओळ चार वेळा वाचली. मग गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातनं प्लॅस्टिकच्या पाकिटातला आपला दाखला काढला आणि पत्राशेजारी ठेवला. दीड वर्षाचे असताना पोलिओनं त्यांचा उजवा पाय नेला होता. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि हातात काठी, असे ते सत्तावन्न वर्षांचे झाले होते. दाखल्यावर लिहिलं होतं, कायमचं अपंगत्व, चोपन्न टक्के. पन्नास नाही, पंचावन्न नाही, चोपन्नच. डॉक्टरानं ते कुठल्या मापानं काढलं होतं कुणास ठाऊक.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेला माणूस, त्याला एवढं कळू नये? कळलं नाही खरं. आणि का कळलं नाही तेही सांगतो. लहानपणी गल्लीत कबड्डी असो नाहीतर आट्यापाट्या, पोरं अंगातले शर्ट काढून ह्यांच्या मांडीवर टाकायची आणि "शांत्या, ध्यान ठेव रं" म्हणून पळायची. गोट्यासुद्धा नशिबात नव्हत्या, कारण उकिडवं बसता यायचं नाही. गोटी गलात, म्हणजे खड्ड्यात, पडली का काठावर राहिली हे मात्र ह्यांनाच विचारायचे. पुढं शाळेत धावफलक, कॉलेजात धावफलक, आणि मोठेपणी गावच्या कुस्त्यांच्या मैदानात पंचांच्या शेजारी खुर्ची. त्यांना खेळायला कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. पन्नास वर्षं दुसऱ्याचे शर्ट सांभाळलेल्या माणसाला कुणी दाखला मागून खेळायला बोलावतंय म्हटल्यावर तो शब्दाचा कीस पाडत बसेल होय?

"अगं, हा खेळ आमच्यासारख्यांसाठनंच काढलाय," त्यांनी बायकोला, प्रेमलाकाकूंना सांगितलं. "दाखल्याबिगर आतच घेत न्हाईत."

मग बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कट्ट्यावर सांगितलं, दुकानाच्या दारात सांगितलं, दाढी करताना न्हाव्याला सांगितलं. आठ दिवसांत अण्णा गोल्फ खेळायला चाललेत हे निम्म्या निपाणीला ठाऊक झालं.

रिसॉर्टवर पोचल्यावर जेवणखाण आटपून अण्णा इस्त्रीची पांढरी पँट घालून गोल्फच्या काउंटरशी गेले. पंधरावीस डीलर तिथं आधीच गोळा झाले होते. काउंटरमागं भीमरत्न कांबळे म्हणून तिशीतला माणूस होता, तिथला शिकवणारा. अण्णांनी पाकीट त्याच्यापुढं सरकवलं.

"हे घ्या आमचं हँडिकॅप सर्टिफिकेट."

भीमरत्ननं ते उघडलं. शेजारी संकेश्वरचा रविराज उभा होता. हा अण्णांच्याच धंद्यातला, चाळिशीचा, आडव्या अंगाचा, दोन वर्षांपासनं बेळगावात गोल्फ शिकत असलेला. त्यानं वाकून बघितलं आणि त्याला हसू आवरेना.

"अण्णा, हे न्हवं वो! ह्यो रेल्वेतल्या सवलतीचा दाखला. गोल्फातला हँडिकॅप येगळा. किती चांगलं खेळता त्याचा आकडा असतोय त्यो."

मागं कुणीतरी फिसकन हसलं, मग दोघं, मग सगळेच. वाईट मनानं हसले असं नाही. पण अण्णांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. निपाणीतले सगळे कट्टे त्यांच्या डोळ्यांपुढनं गेले. तिथं जाऊन काय सांगणार होते ते? दाखला परत घ्यायला त्यांनी हात पुढं केला.

भीमरत्ननं दाखला सोडला नाही. तो वाचत होता. "चोपन्न," तो म्हणाला. "बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?" रविराज म्हणाला.

"नव्या माणसाला आम्ही चोपन्नच देतो, सर. सगळ्यात मोठा आकडा. त्याच्या वर न्हाय." मग तो अण्णांकडं वळला. "अण्णा, ह्यात ज्याला कमी येतंय त्याला जादा फटके मिळतात, म्हंजे तो ज्याला येतंय त्याच्याशी बरोबरीनं खेळू शकतो. ह्या सरांचा अठरा. तुमचा चोपन्न. तुम्ही दोघं खेळलासा तर दर गलाला तुमचे दोन फटके मोजायचे न्हाईत."

तो गल म्हणाला हे अण्णांना फार बरं वाटलं. "म्हंजे सूट?" त्यांनी विचारलं.

"सूट कसली? नियमच आहे. पुस्तकात लिहिलाय."

अण्णांनी दाखला परत घेऊन खिशात घातला. मग रविराजकडं बघून म्हणाले, "येतोस का रं?"

आता हसण्याची पाळी संपली होती. पंधरा माणसांपुढं अपंग माणसाला नाही कसं म्हणायचं, आणि हो तरी कसं म्हणायचं, अशा पेचात रविराज सापडला. शेवटी म्हणाला, "चला की." मोठं मैदान अठरा गलांचं आणि चढउताराचं, ते अण्णांना झेपणारं नव्हतं. लहान मैदानावर नऊ गल, एकेक साठ-सत्तर पावलांवर. तिथं खेळायचं ठरलं. ज्यानं कमी फटक्यांत चेंडू गलात घातला, तो गल त्याचा. जास्ती गल ज्याचे, तो जिंकला.

भीमरत्ननं अण्णांना अर्धा तास शिकवलं. कंबर वळवायची नाही, डाव्या पायावर भार, नुसत्या हातानं मारायचं. पहिले सात-आठ फटके मातीत गेले. नववा लागला आणि चेंडू पंधरा पावलं सरळ गेला. अण्णांना आत काहीतरी उसळल्यासारखं झालं. आनंदच होता तो. इतक्या वर्षांनी आल्यामुळं ओळखायला वेळ लागला, एवढंच.

चार वाजता खेळ सुरू झाला. सांगायला आणि फलक लिहायला भीमरत्न होता. "फलक मी लिहिणार न्हाय," अण्णांनी आधीच बजावलं होतं. एका गलापासनं दुसऱ्यापर्यंत बॅटरीच्या गाडीतनं, आणि मग काठी टेकत चेंडूपर्यंत, असं चाललं. रविराज लांब मारायचा, पण त्याचा चेंडू कधी झाडीत, कधी वाळूत. अण्णांचा चेंडू दमादमानं, पण नाकासमोर. पहिले दोन गल रविराजनं घेतले. तिसरा अण्णांना मिळाला तेव्हा त्यांनी काठी वर करून अशी आरोळी ठोकली की पलीकडची टिटवी उडाली. चौथा पुन्हा रविराजचा. पाचव्यावर उताराची जागा होती. फटका मारताना लोखंडी बूट गवतावर सटकला आणि अण्णा सपशेल आडवे झाले. दोघं धावले. "हात लावायचा न्हाय," अण्णा खेकसले. स्वतःच उठले, पँट झटकली, हिरवा डाग पडला होता तो बघितला, आणि तो गल जिंकले. रविराज तीन, अण्णा दोन.

सहाव्यापासनं अण्णांचं नशीब उघडलं. सहावा त्यांचा, सातवा त्यांचा, आठवाही त्यांचाच. आठव्याला रविराजचा चेंडू गलापासनं वीतभर होता. लहान पोरानंही ढकलला असता. त्यानं तो असा मारला की बाजूनं तीन हात पुढं गेला.

"पाच-तीन," रविराज मोठ्यानं म्हणाला. "एकच गल राहिला. आता हरत न्हाईसा. जिंकलासा की अण्णा! दिवस मावळायच्या आत तुम्हाला जेवायचं असतंय. चला, काकू वाट बघत असतील. सगळ्यांपुढं जाहीर करतो मी, संकेश्वरवाल्याला लोळवला म्हणून!"

आणि तो खरंच आनंदात होता. एका माणसाचं भलं केल्याचा तो आनंद होता, दुसरा नव्हे.

अण्णा गाडीजवळ उभे राहिले, चढले मात्र नाहीत. ते रविराजच्या हाताकडं बघत होते. रविराजला कल्पना नव्हती, पण तो चुकीच्या माणसाशी असलं खेळत होता. चाळीस वर्षं ह्या माणसानं कुस्त्यांच्या मैदानात बसून दुसरं काय केलं होतं? चितपट कुठली आणि नूरा कुठली, आधी ठरवून पाठ टेकवलेली, हे त्यांना पैलवानाच्या खांद्यावरनं कळायचं.

"पाचव्याला मी पडलो," अण्णा म्हणाले. "तवापासनं तू नूरा खेळतोयस."

"न्हाय वो अण्णा, हात दमला..."

"खोटं बोलू नगंस!" अण्णांचा आवाज चढला. एवढ्या शांत जागेत तो फार मोठा वाटला. "आरं, लहानपणापासनं मला समद्यांनी सांभाळलं. बस म्हणाले, सावलीत बस म्हणाले, पाणी आणून दिलं. माझ्यासंगं कोण खेळलंच न्हाय, तर मला हरवणार कोण? माझ्या जन्मात मी एकदाबी हरलेलो न्हाय. कळतंय का तुला? एकदाबी न्हाय! आणि आज खेळाय आलो तर तू मला जिंकवायला लागलास?"

बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. रविराजनं मान खाली घातली. आपण चूक केली हे त्याला पटलं होतं, पण नेमकी कुठली हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

"भीमरत्न," अण्णा म्हणाले, "हे तीन गल खोडून टाक."

"नियमात असं बसत न्हाय, अण्णा."

"खोडायला लावतोय कोण? ज्याचं गल हायत त्योच न्हवं?"

भीमरत्ननं खोडले. तीन-दोन. रविराज पुढं. शेवटचा गल अण्णांनी जिंकला तर बरोबरी, नाहीतर हार.

सूर्य झाडांना टेकला होता. जेवायची वेळ चालली होती, प्रेमलाकाकू वरच्या व्हरांड्यातनं हात करत होत्या. अण्णांनी त्यांना हातानंच थांब म्हटलं. रविराजनं ह्या वेळी दोन वेळा वारा बघितला, बूट गवतावर घासले आणि मारला. चेंडू गलापासनं दहा पावलांवर जाऊन पडला. अण्णांच्या पाठीतनं कळ येत होती. एक, दोन, तीन, चार. चौथ्यात चेंडू झेंड्याच्या हिरव्या गोलात आला. रविराजनं ढकलला, राहिला. परत ढकलला, राहिला. चौथ्या फटक्यात घातला. अण्णांचा पाचवा गलापासनं चार हातांवर थांबला. दोन माफ होते, म्हणजे सहावा आत गेला तर गल बरोबरीत सुटत होता आणि अण्णा एकानं हरत होते. बरोबरीला पाचवाच आत जायला हवा होता, आणि तो गेला नव्हता.

म्हणजे काही झालं तरी हार ठरलीच होती. भीमरत्नला ते कळलं, रविराजला कळलं आणि अण्णांना तर सगळ्यात आधी कळलं. तरी ते वाकले. काठी बाजूला टाकली, दोन्ही हातांनी नेम धरला. रविराजनं तोंड उघडलं, राहू द्या म्हणणार होता, पण त्यानं ते मिटलं. चेंडू गेला, गलाच्या काठाशी आला आणि चार बोटं अलीकडं थांबला. सातव्याला अण्णांनी तो आत टाकला.

मग रविराजनं दोन्ही मुठी वर केल्या आणि "चार-दोन! जिंकलो रं!" म्हणून ओरडला. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा.

अण्णांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. सहावा फटका जरा जोरात मारला असता तर? चौथ्याला घाई केली का? रविराजनं मिळवायला हात पुढं केला तेव्हा तो झिडकारावा असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांनी तो घट्ट धरला, लवकर सोडलाच नाही. "उद्या सकाळी सातला," ते म्हणाले. "ह्याच जागी. झोपून राहिलास तर खोलीवर येतो."

वर पोचेपर्यंत दिवस मावळला होता. म्हणजे आता जेवण दुसऱ्या दिवशीच. प्रेमलाकाकू पायऱ्यांपर्यंत खाली आल्या. पँटीवरचा डाग त्यांना आधी दिसला, मग नवऱ्याचं तोंड.

"पडलासा व्हय? काय झालं? कोण काय बोललं का?"

"हरलो," अण्णा म्हणाले.

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. तेहतीस वर्षं संसार केलेल्या बाईला तो शब्द नवऱ्याच्या तोंडून नवा होता. त्यांनी पदर तोंडाला लावला. डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या, आणि दोन्ही काही केल्या थांबेनात.

"हसतीस काय?" अण्णा भडकले. "हरलोय मी!"