परका दांडा

मित्रांनो, आधी मला नीट बघून घ्या. चार लोखंडी पाय, खाली पेडल, वर दांडा धरायचा जबडा. मी झाडू बांधायचं जुनं यंत्र. कारखान्यात सगळे मला 'घोडा' म्हणायचे. आता इलिनॉयमधल्या एका खानावळीच्या दारात शोभेला उभा आहे. जेवायला येणारे माझ्या अंगावर ओले कोट टाकतात आणि आत जाऊन मटण चापतात.

कारखान्याची मालकीण व्हर्ना टॅकेट, तिच्या आजोबांनी मला ओतवून घेतलं. आमच्या भोवती शेतं होती ती ज्वारीच्या भावकीतल्या एका पिकाची. त्याच्या दाण्याला कुणी विचारत नाही, लांब तुऱ्यांचे झाडू होतात. तुरे भिजवायचे, दांडा माझ्या जबड्यात द्यायचा, पेडल मारायचं, की तार गरागरा फिरत तुऱ्यांना आवळत जायची. माझ्यावर सगळ्यात जास्त वर्षं बसली ती मॅक्सीन लंडी. तोंडाची फटकळ, हाताची चलाख. जत्रेत आमच्या झाडूला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली, तेव्हा ती फीत तिनं माझ्याच गळ्यात बांधली. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

पुढे मोठ्या दुकानांत बाहेरदेशचे तयार झाडू आले. जकात भरूनही ते स्वस्तच. गावोगावचे झाडूवाले पटापट बसले. आमची व्हर्ना बसली नाही. तिनं दांडे ब्राझीलहून मागवायला सुरुवात केली. गरीब देशांच्या काही मालावर जकात घ्यायची नाही असा सरकारचा नियम होता, आणि दांडे त्यात बसत होते. सुके, सरळ, गुळगुळीत दांडे. दांडा स्वस्तात पडला म्हणून आमचा झाडू दुकानात टिकला, आणि मॅक्सीनसकट साऱ्यांच्या घरची चूल पेटत राहिली.

पोटात दुखलं ते ऑरिनच्या. ऑरिन म्हणजे व्हर्नाचा धाकटा भाऊ. रस्त्यापलीकडे त्याची लाकूड कातायची गिरणी. आधी दांडे त्याचेच यायचे. ओल्या लाकडाचे, महिनाभरात धनुष्य होणारे. माझ्या जबड्यात ते असे थयथयाट करायचे की माझे दात दुखायचे. बहिणीनं दहादा सांगितलं, लाकूड वाळव. वाळवायला जागा लागते, भट्टी लागते, त्यापेक्षा रुसून बसणं सोपं!

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, व्हर्ना बँकेत गेलेली बघून तो कारखान्यात आला. हातात सरकारला द्यायचा अर्ज. परक्या दांड्यांवर जकात बसवा, आपली गिरणी वाचवा, असा. माझ्याच पाठीवर त्यानं तो कागद पसरला.

"आपल्या माणसाच्या बाजूनं आहात की परक्याच्या?" त्यानं विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" म्हणत मॅक्सीननं पहिली सही ठोकली. मग बाकीच्यांनी. चिकट बोटांनी, सँडविच चघळत, हसत. मित्रांनो, माझा जबडा मला आपणहून मिटता आला असता तर मी चावलो असतो.

अर्जाचं कळल्यावर व्हर्नानं सगळ्यांना गोळा करून समजावलं. दांडा तेवढा बाहेरचा. तुरे इथले, तार इथली, हात तुमचे. तो दांडा महागला तर अख्खा झाडूच बाहेरून येईल. मॅक्सीन म्हणाली, "व्हर्नाबाई, ब्राझीलला सासर आहे का तुमचं?" केवढे हसले सगळे.

त्या रविवारी चर्चमध्ये जेवण होतं. प्रत्येकानं घरून एक पदार्थ न्यायचा आणि सगळ्यांनी वाटून खायचा अशी तिथली रीत. व्हर्नानं शेंगांची भाजी नेली. तिच्या भाजीत कुणी चमचा घातला नाही. लहान मुलांनीसुद्धा नाही. आयांनी दटावून ठेवलं होतं. सोमवारी ते भरलेलं भांडं घेऊन ती कारखान्यात आली आणि माझ्याशेजारी बसून एकटी जेवली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

त्या अर्जाच्या सुनावणीला ती वॉशिंग्टनपर्यंत बसनं गेली. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्याच कामगारांच्या सह्या आहेत, मग आम्ही तुमचं का मानायचं? दांड्यांवर जकात बसली. ऑरिननं गावाला मका आणि बिअर दिली.

मग व्हर्नानं नाक मुठीत धरून भावाचेच दांडे घेतले. ते त्या जकातीच्या दांड्यांहून थोडे स्वस्त, तरी आधीच्या दांड्यांहून महागच, आणि वाकडे ते वाकडेच. दुकानानं झाडूंची अख्खी गाडी परत पाठवली, आणि आमच्या जागेवर बाहेरदेशचे तयार झाडू लावले. दांड्यापासून तुऱ्यापर्यंत सगळे परके.

कारखाना बंद होतोय हे व्हर्नानं सांगितलं त्या दिवशी मॅक्सीन तिच्यासमोर उभी राहिली. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या कमाईवर चाललेलं.

"व्हर्नाबाई, या वयात मला कोण ठेवणार? मी काय करू?"

"ऑरिनला विचार," व्हर्ना थंडपणे म्हणाली. "पहिली सही तुझी होती."

मॅक्सीन वळली आणि तिनं मला लाथ घातली. कुणावर तरी राग काढायचा, तर घोडा होताच. माझं पेडल वाकलं ते अजून तसंच आहे.

मला उचलायला या खानावळीची माणसं आली, त्याच वेळी ऑरिनची गाडी दारात लागली. जकात बसल्याच्या भरवशावर त्यानं घर गहाण टाकून भट्टी बांधली होती. गाडीत पहिले वाळलेले दांडे.

"बघ, एक तरी वाकडा दिसतो का!" तो म्हणाला. पोराचा आनंद होता चेहऱ्यावर.

व्हर्नानं एक दांडा उचलला, डोळ्यासमोर आडवा धरला, अंगठ्यानं चाचपला.

"झकास झालेत," ती म्हणाली. "नेणार कुठे?"

"म्हणजे? तुझ्याकडेच आणलेत ना."

"तुझं गिऱ्हाईक एकच होतं, ऑरिन. ते तू मारलंस."

तिनं दांडा परत गाडीत ठेवला आणि माझ्यामागे दार ओढून घेतलं.

मित्रांनो, मला तेल घाला, माझा गंज पुसा, असं मी म्हणणार नाही. माझं मेलं काय राहिलंय! जपायचंच तर आपलं अन्न जपा. परक्याच्या पोटावर पाय द्यायला उठाल, तेव्हा जरा खाली वाकून बघा, ते पोट कुणाचं आहे. आमच्यात तसं वाकून बघणारी एक व्हर्नाच होती, आणि तिला आम्ही हसत होतो.