एकेचाळीस नंबरची पिन

योगिताने एखादी वस्तू नापास केली की तारिहाळच्या त्या कारखान्यात कुणी तिच्याशी वाद घालत नसे. मायक्रोमीटर एकदा लावायची, दुसऱ्यांदा लावायची आणि लाल खडूने फुली मारून मोकळी व्हायची. मालक पद्मनाभअण्णा म्हणायचे, "या पोरीला मुलगा बघायला आणतील ना, तर त्यालाही दोन शतांश मिलिमीटरसाठी परत पाठवेल." योगिता ऐकून घ्यायची. अशी तीन स्थळं तिने खरंच परत पाठवली होती.

कारखाना तसा लहान. चार लेथ, दोन ड्रिल आणि अण्णांची एक केबिन. पंपाचे आणि फवारणी यंत्रांचे सुटे भाग करता करता गेल्या वर्षी त्यांच्याकडे एक वेगळंच काम आलं. बेंगळुरूची एक बडी कंपनी जुनी शिकाऊ विमानं नवी करून एका परक्या देशाला विकणार होती. विकण्याआधी त्यांच्या पंखांखाली बाँब टांगायची सोय बसवायची होती. बाँब जिथे अडकतो, तिथली पोलादी पिन अण्णांनी करायची. अंगठ्याएवढी जाड, वितीपेक्षा थोडी आखूड. नग चौसष्ट. दिल्लीहून परवाना असल्याशिवाय यातला एकही नग देशाबाहेर जाणार नव्हता, म्हणून प्रत्येक पिनेच्या डोक्यावर नंबर ठोकलेला.

धोंडिबामामांनी एकोणसत्तर पिना कातल्या. तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, तरी योगिताने पाच नापास केल्या. एकेचाळीस नंबरची त्यातलीच. दोन शतांशाने बारीक.

त्याच आठवड्यात फाटकाबाहेर चहाचा गाडा लावणाऱ्या इंदुमतीअक्कांचा बत्ता फुटला. आलं-वेलची कुटायचा दगडी बत्ता, खलातच दोन तुकडे. अक्का अळणावरकडच्या. साठीच्या पुढे गेलेल्या, आणि अख्ख्या तारिहाळला त्यांच्या आल्याच्या चहाशिवाय जाग येत नसे. "आता काय, कपाळ घालू व्हय आल्यात?" त्या म्हणाल्या. योगिताने नापास मालाच्या लाल डब्यातून एकेचाळीस नंबरची पिन काढून त्यांच्या हातात ठेवली. अण्णा शेजारीच उभे होते. "दे की," म्हणाले, "नाहीतरी भंगारातच जायची."

दोन महिन्यांनी दिल्लीहून पत्र आलं की नापास झालेला प्रत्येक नग कुलपात ठेवावा. सरकारी अधिकारी येऊन स्वतःच्या डोळ्यांदेखत तो कापून घेतील. अण्णांनी ते पत्र फाइलमध्ये नीट लावलं. वाचायचं तेवढं राहिलं.

ते वाचलं गेलं सोमवारी, दिल्लीहून फोन आल्यावर. मोहरीर नावाचे अधिकारी बुधवारी दुपारी येणार होते.

"अक्कांकडून घेऊन ये, आत्ताच्या आत्ता," अण्णा म्हणाले.

योगिता धावत फाटकाबाहेर गेली. गाड्याला साखळी, साखळीला कुलूप. अक्का भाचीच्या लेकराच्या बारशाला गावी गेलेल्या. त्यांना दहा वेळा फोन लावला, आणि दहाही वेळा कन्नडमधून एका बाईने गोड आवाजात सांगितलं की त्या संपर्कक्षेत्राबाहेर आहेत.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत गाडा बंदच. मग अण्णांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि धोंडिबामामांना बोलावलं.

"मामा, त्या पोलादाची सळई उरलीय ना? एक पिन करायची. डोक्यावर एकेचाळीस ठोकायचा."

 योगिता 'नको' म्हणणार होती. पण पिन दिली होती तिनेच, आणि नोंदवहीतली सहीही तिचीच. तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. "दोन शतांश बारीक करा, मामा. नाहीतर ती नापास कशी?"

"करतो की. बारीक करायला काय अक्कल लागती?" मामा म्हणाले.

बुधवारी सकाळी ती पिन मोजायची असं तिने ठरवलं होतं. पण दुपारी येणारे साहेब साडेदहालाच दारात उभे राहिले. उंच, किडकिडीत माणूस, खांद्याला कापडी पिशवी. प्रभंजन मोहरीर. नोकरी दिल्लीला असली तरी मूळचे नांदेडचे, त्यामुळे नमस्कार झाल्या झाल्या मराठीत सुरू झाले.

"लवकर आलो, माफ करा. तुमच्या फाटकावर काय चहा मिळतो हो! दोन कप घेतले. आल्याची अशी धार मी दिल्लीत चाखली नाही."

योगिताने खिडकीतून पाहिलं. गाड्याची साखळी सुटलेली. अक्का डोक्यावर पदर घेऊन उभ्या, आणि त्यांच्या हातात काहीतरी चमचमत खाली-वर, खाली-वर होत होतं. अण्णांनीही पाहिलं. त्यांचा चेहरा आंबलेल्या ताकासारखा झाला.

"आज आलंय वाटतं... आलं, बाजारात," ते कसंबसं म्हणाले.

मोहरीर खुर्चीत बसले. लाल डबा उघडला. पिशवीतून स्वतःचा मायक्रोमीटर काढला. दुसऱ्याच्या उपकरणाने न मोजणारा माणूस पाहून, इतर वेळी योगिताला तो आवडला असता. पहिली पिन मोजली, वहीशी ताडून पाहिली. दुसरी. तिसरी. चौथी. मग एकेचाळीस नंबरची उचलली. मोजली. चष्मा पुसला. पुन्हा मोजली.

"ही कुणी नापास केली?"

"मी," योगिता म्हणाली.

"का?"

"दोन शतांश बारीक आहे."

"बारीक?" त्यांनी मायक्रोमीटर तिच्यापुढे धरला. "अहो, ही तर अगदी बरोबर आहे. पास झालेल्या चौसष्टांतही इतकी अचूक असेल की नाही, शंका आहे. ही लाल डब्यात कशी?"

 योगिताने दाराशी उभ्या असलेल्या धोंडिबामामांकडे पाहिलं. मामांनी नजर आधी छताला लावली, मग स्वतःच्या हातांकडे. "मी ठरवलं होतं, ताई," ते पुटपुटले. "पण हात ऐकंना. चुकीचं कातायची सवय न्हाई त्याला."

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

मोहरीर हसले नाहीत, पण त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. "मग खरी कुठे आहे?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. हरवली म्हणता आलं असतं, चोरीला गेली म्हणता आलं असतं. पण मामांचे ते हात पाहिल्यावर योगिताला आणखी एक खोटं उभं करायचा कंटाळाच आला.

"साहेब, तुम्ही तिचाच चहा प्यालात," ती म्हणाली.

सगळेजण फाटकाबाहेर गेले. अक्का कुटतच होत्या. योगिताने हात पुढे करून पिन मागितली आणि साहेबांना दिली. तिच्या डोक्यावर आल्याच्या धाग्यांमधून 'एकेचाळीस' हा आकडा स्वच्छ दिसत होता. मोहरीरांनी ती रुमालाने पुसली, मोजली, वास घेतला.

"दोन शतांश बारीक," ते म्हणाले. "बरोबर नापास केली होती."

"एनरी इदु? काय हे?" अक्का कडाडल्या. "माझा बत्ता कशाला मोजता? गिऱ्हाईक उभं हाय."

"बाई, हा बत्ता नाही. हा लढाऊ सामानाचा भाग आहे. बाहेर देशी जाणाऱ्या प्रत्येक नगाचा हिशोब सरकारला ठेवावा लागतो. जे नग जाणार नाहीत तेही कापावे लागतात, म्हणजे भलत्याच माणसाच्या हाती पडत नाहीत."

"मी भलतं माणूस व्हय?"

"तसं नाही..."

"कुठनं आलात?"

"दिल्लीहून."

"माझ्या एका बत्त्यासाठी दिल्लीस्नं?" अक्कांनी गॅस बारीक केला, म्हणजे आता त्यांना सवडीने बोलायचं होतं. "आन बाकीचे? चौसष्ट का किती ते, जहाजात बसून गेले, ते बघाय कोण जातं?"

"त्या देशाने लिहून दिलंय, अक्का. हे सामान आम्हीच वापरू, दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं."

"लिहून दिलंय. आन बघतं कोण?"

"तशी तरतूद आहे."

"तरतूद जाती व्हय बघाय? तिला पाय हायेत?"

चहासाठी थांबलेले शेजारच्या कारखान्यातले तिघे-चौघे फिस्सकन हसले. मोहरीरांचे कान लाल झाले.  योगिताला त्यांची थोडी कीव आली आणि पुष्कळशी गंमतही वाटली.

"आलं कुटणारीचा बत्ता जप्त करायचा," अक्का म्हणाल्या, "आन बाँब टाकणाऱ्याकडनं चिठ्ठी घ्यायची. छलो अदरी, लई चांगलाय तुमचा कारभार!"

दुपारी कापायच्या मशिनवर सहाही पिनांचे दोन-दोन तुकडे झाले. खऱ्या पाच आणि मामांची ती बिनचूक एक. तिच्यावरून पातं फिरताना मामा तोंड फिरवून उभे राहिले. अक्कांना त्यांनी साध्या लोखंडाचा बत्ता कातून दिला. तो त्यांना जड वाटला, म्हणून दुसरा दिला.

जाताना मोहरीर योगिताला म्हणाले, "पिन देणं ही चूक होती. खोटी पिन करणं हा त्याहून मोठा गुन्हा. मला दोन्ही लिहावं लागेल."

"लिहा, साहेब."

"आणि तुम्ही स्वतःहून सांगितलंत, हेही लिहीन."

त्यांनी तिन्ही गोष्टी लिहिल्या. नोटीस आली, अण्णांना बेंगळुरूला जाऊन दोन तास उभ्याने ऐकून घ्यावं लागलं, योगिताने माफीपत्र दिलं. तीन महिने असलं कुठलंही काम करायला बंदी झाली. अण्णा पंधरा दिवस तिच्याशी फक्त कामापुरतं बोलले. तिला त्यात वावगं वाटलं नाही. नोकरी राहिली, हेच पुष्कळ होतं.

बंदी उठली आणि दुसऱ्या चौसष्ट पिनांची ऑर्डर आली, तेव्हा परवान्यात एक नवी अट होती. पहिल्या चौसष्ट पिना विमानांवर बसवल्याचे, नंबर दिसतील असे फोटो त्या देशाने पाठवायचे. ज्या कारखान्याने नंबर ठोकले, त्याने ते तपासून सही करायची. तोवर दुसरा माल हलणार नाही.

"तुमच्या चहावाल्या बाईंनी लावलेलं काम आहे," फोनवर मोहरीर म्हणाले. "वरच्यांना पटवायला मला दोन महिने लागले."

फोटो आले. अण्णा खूश झाले. "चौसष्ट फोटो, चौसष्ट नंबर. मार सही!"

"बघते," योगिता म्हणाली, आणि भिंग घेऊन बसली.

सगळे नंबर होते. पण सतरा, अठ्ठावीस, तेहेतीस आणि साठ या चार फोटोंपाशी ती अडकली. पिनेच्या कडेला एक बारीकसा टोचा पडलेला, चौघींनाही अगदी त्याच जागी. शेजारचा रंग उडालेला पट्टाही तोच. आणि ठोकलेल्या आकड्यांचं वळण मामांच्या ठशांचं नव्हतं. मामांचा आठ वरून जरा चपटा पडायचा, हा गोल गरगरीत होता. एकाच नकली पिनेवरचे आकडे घासून, नवे ठोकून चार फोटो काढले होते.

तिला हसू फुटलं. तिकडेही कुणाच्या तरी केबिनचं दार असंच लावून घेतलं गेलं असणार, घाईघाईने कुणी मामा बोलावला गेला असणार. फक्त त्यांचा मामा आळशी होता. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. या पिना कुणाच्या चहाच्या गाड्यावर नव्हत्या. त्या चार कुठल्या तरी विमानाखाली होत्या, आणि ते विमान कुणाचं, हे कागदावर नव्हतं.

तिने फोटोंवर लाल फुल्या मारल्या आणि पत्र लिहून अण्णांपुढे ठेवलं.

अण्णांनी ते दोनदा वाचलं. हल्ली ते सगळीच पत्रं दोनदा वाचत. "हे पाठवलं की दुसरी ऑर्डर गेली म्हणून समज."

"हो."

"आपणही हेच केलं होतं ना गं?"

"म्हणून तर मला ओळखता आलं, अण्णा."

अण्णांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं.  "सही कर," ते म्हणाले, "आणि खाली माझीही घे. एकट्या पोरीवर कशाला ढकलायचं?"

माल साडेचार महिने अडला. त्या देशाने आधी फोटोग्राफरला दोष दिला, मग भाषांतर करणाऱ्याला. मोहरीरांनी माणसं पाठवायची मागणी केली, तेव्हा कुठे कबुली आली. चार पिना दोन विमानांसकट शेजारच्या मित्रराष्ट्राला 'सरावापुरत्या' दिल्या होत्या. विमानं परत आणली गेली. दिल्लीची दोन माणसं विमानतळावर प्रत्यक्ष जाऊन नंबर वाचून आली. त्यातले एक मोहरीर. दुसरी ऑर्डर चौसष्टांवरून वीसवर आली, आणि तीही दर सहा महिन्यांनी तपासणीच्या अटीवर. अण्णांनी मधल्या काळात कलघटगीच्या एका व्यापाऱ्याकडून फवारणी पंपांचं मोठं काम आणलं, त्यामुळे कुणालाच घरी बसावं लागलं नाही.

वीस पिनांचं काम सुरू झालं त्या सकाळी धोंडिबामामांनी पहिली पिन आणून योगिताच्या टेबलावर ठेवली आणि मागे हात बांधून उभे राहिले. तिने एकदा मोजली, दुसऱ्यांदा मोजली.

"पास," ती म्हणाली.

"मग तोंड का असं?"

"ही शेवटी कुणाच्या विमानाखाली जाईल, ते मोजता येत नाही, मामा. दुसरी आणा."