वेंगच्या हातातलं झाकण

मी एक वाटी बोलतेय, पण निम्मीच. माझं झाकण आता माझ्यापाशी नाही. झाकणाशिवाय चहाची वाटी म्हणजे नाकाशिवाय तोंड. तरी बोलते, कारण गप्प बसून मी एकदा पस्तावले आहे.

माझा जन्म तेह्वा गावच्या चिनी मातीच्या भट्टीतला. मी, माझं झाकण आणि खालची बशी, तिघं एकाच आगीतून पांढरीशुभ्र होऊन बाहेर आलो. फूतिंगजवळच्या त्येनथोऊच्या चहाबाजारात वेंग पिंगच्युनने मला उचललं तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. त्याने मला उन्हाकडे धरलं, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "हिचा आवाज खणखणीत आहे. हीच हवी." पुढची तीस वर्षं मी त्याच्या तीन बोटांत काढली. अंगठा आणि मधलं बोट माझ्या काठावर, पहिलं बोट झाकणाच्या गाठीवर. पाणी उकळतं असलं तरी तो हात कधी कापला नाही.

पांढरा चहा कसा असतो हे मला त्यानेच शिकवलं. हा चहा भाजत नाहीत की मळत नाहीत. तोडायचा, बांबूच्या टोपल्यांवर पसरायचा आणि ऊन-वाऱ्यावर सोडून द्यायचा. म्हणून नवीन गिऱ्हाईक पहिला घोट घेऊन हमखास तोंड वाकडं करी. "अहो, हे तर नुसतं गरम पाणी!"

"मुलगी बघायला आल्या आल्या लग्न लावता का?" वेंग हसून म्हणे. "बसा. ओळख होऊ दे."

आधी तो मला गरम पाण्याने शेकवी. मग आत कोरडी पानं टाकून झाकण लावी, हलवी आणि वास घेई. कळ्यांचा कोवळा चहा असेल तर पाणी थोडं निवू देई आणि माझ्या काठाकाठाने सोडी, पानांच्या डोक्यावर कधीच नाही. मोठ्या पानांचा शौमेई, त्यातही जुना, त्याला मात्र खळखळतं पाणी लागतं. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला तेच तोंड वाकडं करणारं गिऱ्हाईक डोळे मिटून बसलेलं असे.

पण आमच्या बाजारात खरा निवाडा घोटावर होत नाही, तो झाकणावर होतो. पाणी ओतलं की झाकण उलटं करून हुंगायचं. जुना चहा नीट पिकला असेल तर सुक्या बोरांचा, औषधी मुळ्यांचा गोड वास येतो. कुबट वास आला तर तो चहा कोणी तोंडाला लावत नाही, तिथेच ओतून देतात. वेंगचं झाकण म्हणजे बाजारात शेवटचा शब्द होता. मला त्याचा फार गर्व होता.

वेंगचा जिवाभावाचा दोस्त चोंग थिएनशुई. थायमू डोंगराच्या वरच्या अंगाला त्याची चहाची झाडं. अकरा वर्षांपूर्वी शरद ऋतूत त्याने शेवटचा शौमेई वाळवला, अंगात ताप असताना. वेंग त्या दिवशी टोपल्या फिरवायला गेला होता, मीही सोबत होते. वारं उत्तरेचं होतं, कोरडं. पांढऱ्या चहाला हेच वारं लागतं. दक्षिणेचं वारं ओल आणतं आणि पान आतून कुजवतं.

पंधरा दिवसांनी थिएनशुईने अंथरूण धरलं. वेंग मला घेऊन गेला आणि त्याच्या उशाशी चहा केला. थिएनशुईने त्याचं मनगट धरलं.

"पिंगच्युन, चहा वाळवला त्या दुपारी वारं फिरलं होतं का रे? तापात मला काही आठवत नाही. तो चहा म्याओचूच्या लग्नात उघडायचा आहे. लेकीसाठी एवढंच ठेवून चाललोय."

"उत्तरेचंच होतं. संध्याकाळपर्यंत मी तिथेच होतो ना," वेंग म्हणाला. "झोप आता."

थिएनशुईची बायको लान चाइफंग दारात उभी राहून ऐकत होती. नवरा गेल्यावर तिने चहाच्या तीनही पेट्या माळ्यावर ठेवल्या. ताप-गोवरासाठी म्हणून मूठभर पत्र्याच्या डब्यात काढला, बाकीच्याला हात लावला नाही. दरवर्षी वेंग विचारी, "वहिनी, बघायचा का?" ती म्हणे, "लेकीचं ठरू दे, भाऊजी."

गेल्या वर्षी म्याओचूचं ठरलं. आणि त्याच वर्षीच्या वादळात वेंगच्या वखारीत पाणी शिरलं. त्याचा सगळा जुना माल बुरसला. शांघायच्या एका बड्या गिऱ्हाइकाला त्याने डोंगरावरचा दहा वर्षांचा शौमेई द्यायचं कबूल केलं होतं. आयुष्यभर शब्द पाळलेला माणूस तो. आता शब्द मोडणार म्हणून त्याची झोप उडाली होती. मला त्याची कीव येत होती.

लग्नाआधी चहा पारखून घ्यायला चाइफंग पेट्या घेऊन खाली उतरायच्या दिवशी त्याने पहाटेच दुकान उघडलं. वखारीतल्या बुरसलेल्या चहाचा गाळ त्याने ओल्या फडक्यात बांधला आणि माझ्या झाकणाच्या आत दाबून ठेवला. झाकणात आतून एक केसाएवढी जुनी चीर आहे. ती त्याला आणि मलाच ठाऊक. तासाभरात तो वास त्या चिरेत भिनला. मग त्याने वरवर पुसून झाकण माझ्यावर ठेवलं. मला वाटलं, काहीतरी तपासत असेल. खरंच सांगते, तेव्हाही मला संशय आला नाही.

चाइफंग आली, सोबत म्याओचू. वेंगने नेहमीसारखं सगळं केलं. पानं टाकली, पाणी ओतलं. माझ्या पोटात सुक्या बोरांचा असा वास दाटला की काय सांगू! मला थिएनशुईला ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा रे, तुझा चहा पिकला. वेंगलाही तो कळला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. आणि त्याने झाकण उचलून चाइफंगच्या नाकाशी धरलं.

तिचा चेहरा उतरला. "कुबट येतोय, भाऊजी."

"हो." त्याने लगेच मला मोरीत उपडं केलं. "दक्षिणेचं वारं लागलं होतं, वहिनी."

"पण तुम्ही तर यांना उत्तरेचं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं."

"मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगायचं?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ती बाई रडलीसुद्धा नाही. नवऱ्याने तापात टोपल्या उशिरा आत घेतल्या, आपलं लक्ष नव्हतं, आपलंच चुकलं, असं काहीतरी पुटपुटत बसली.

"परत वर कशाला वाहून नेता? इथेच राहू द्या," वेंग म्हणाला. "माझ्या पपनसाच्या झाडांना खत होईल." मग त्याने मला पुसलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "ही वाटी न्या. थिएनशुईला फार आवडायची. म्याओचूला माझ्याकडून आहेर."

तीस वर्षं, आणि मला देऊन टाकताना तो माझ्याकडे बघत नव्हता. आधी माझ्याकडून खोटं वदवलं, मग साक्षीदार नको म्हणून मलाच डोंगरावर धाडलं.

घरी म्याओचू झाकण हुंगून म्हणाली, "शी!" आणि तिने आम्हा तिघांना राखेच्या पाण्यात दोनदा उकळलं. चाइफंग मात्र अंथरुणाला खिळली. चौथ्या दिवशी तिला ताप भरला. घरात ताप आला की जुना शौमेई करायचा, एवढं म्याओचूला माहीत. तिने पत्र्याचा डबा शोधला, अर्धा चहा माझ्यात टाकला, पाणी ओतलं आणि सवयीने झाकण आईच्या नाकाशी नेलं.

चाइफंग उठून बसली.

"हा कुठला?"

"डब्यातला. बाबांचाच ना? आई, मग हा कुबट कसा नाही?"

चाइफंगने पुन्हा हुंगलं. मग घोट घेतला, दुसरा घेतला. मला रिकामं करून खाली ठेवलं. शेवटी म्हणाली, "राहिलेला बांध. उद्या खाली जायचंय."

दुसऱ्या दिवशी बाजार भरलेला होता. वेंग नव्या वाटीत गिऱ्हाइकांना चहा करत होता. चाइफंगने मला त्याच्यापुढे ठेवलं.

"भाऊजी, पाणी द्या."

त्याने किटली दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून पाणी सांडलं. डब्यातलं शेवटचं पान माझ्यात पडलं. तिने पाणी ओतलं आणि झाकण त्याच्या हातात दिलं. "हुंगा."

त्याने हुंगलं आणि मान खाली घातली. शेजारच्या व्यापाऱ्याने उत्साहाने नाक पुढे केलं. "अरे वा! हा तर परवा शांघायला गेला तोच! वेंगशेठ, उरलाय का अजून?"

"नाही उरला," चाइफंग म्हणाली. "बाकीचा यांच्या पपनसांना घातलाय. यंदा फळं फार गोड येतील."

व्यापाऱ्याला काही कळेना. वेंगला कळलं. "वहिनी, ऐका तरी. माझी अब्रू..."

"मरणाऱ्या माणसाला तुम्ही खरं सांगितलं होतंत, भाऊजी. खोटं जिवंत बाईला सांगितलंत." तिने मला पानांसकट उचललं. "झाकण राहू द्या तुमच्याकडे. रोज हुंगत जा."

लग्नात चहा दुसरा होता. कोणी नावं ठेवली नाहीत. माझ्यातली ती भिजलेली पानं चाइफंगने उन्हात वाळवली, उत्तरेच्या वाऱ्यावर. आता ती माझ्याच पोटात आहेत आणि मी थिएनशुईच्या फोटोपाशी. येताजाता ती फोटोला सांगते, "वारं उत्तरेचंच होतं हो." म्याओचू माहेरी आली की पानं एका कागदावर काढते, मला धुते आणि परत भरते.

तुमच्यापुढे कोणी झाकण धरलं तर जरूर हुंगा. पण घोटही घ्या. नाक दुसऱ्याच्या हातात देऊ नका, तो हात कितीही सवयीचा असला तरी. एवढंच सांगायचं होतं.

आणि एक. सांगायला लाज वाटते. म्याओचू मला धुवायला गरम पाणी ओतते ना, तेव्हा अजून मी काठावर त्या तीन बोटांची वाट बघते.